माँ ब्लाँचा ध्यास

फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड हे तीन देश जेथे एकमेकांना भिडतात, त्या भागात आल्प्स पर्वताची सर्वांत उंच रांग आहे. या रांगेत एक प्रचंड शुभ्र घुमट उभा आहे. त्याचे नाव माँ ब्लाँ. फ्रेंच भाषेत या नावाचा अर्थ पांढरा पर्वत असा होतो. त्याची उंची सुमारे ४८०० मीटर आहे. माथ्यावरील बर्फाचा थर कमीजास्त होत असल्यामुळे ती दर मोजणीत थोडीशी बदलते. आज तेथे दरवर्षी हजारो लोक चढून जातात. परंतु अडीचशे वर्षांपूर्वी या पर्वताकडे पाहण्याची लोकांची दृष्टी अगदी निराळी होती. पायथ्याची माणसे त्या परिसराला शापित पर्वत म्हणत. वरच्या बर्फात एक रात्र काढणारा मनुष्य सकाळी जिवंत उठणार नाही, अशी त्यांची खात्री होती. शिकारी आणि स्फटिक गोळा करणारे लोक पोटासाठी काही उंचीपर्यंत जात, आणि सूर्य कलण्यापूर्वी खाली परतत.

ही समजूत ज्याच्या ध्यासामुळे खोटी ठरली, तो मनुष्य डोंगराळ मुलखातील शिकारी नव्हता. तो एका श्रीमंत घरचा, पुस्तकांत रमणारा विद्वान होता. त्याचे नाव ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर.

सोस्यूरचा जन्म १७ फेब्रुवारी १७४० रोजी जिनीव्हाजवळच्या काँश या खेड्यात झाला. जिनीव्हा हे त्या काळी एक स्वतंत्र नगरराज्य होते. शहराची जुनी वस्ती एका टेकडीवर वसली आहे. टेकडीच्या माथ्यावर सेंट पीटरचे प्राचीन चर्च आहे आणि त्याच्या भोवती उंच दगडी घरांच्या अरुंद गल्ल्या उतरत उतरत सरोवराकडे जातात. हे सरोवर अर्धचंद्राच्या आकाराचे असून त्याची लांबी सुमारे ७३ किलोमीटर आहे. ऱ्होन नदी त्याच्या एका टोकाने आत शिरते आणि जिनीव्हापाशी दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. बाहेर पडताना तिचे पाणी निळे आणि नितळ असते. शहराच्या खालच्या अंगाला तिला आर्व्ह नदी येऊन मिळते. आर्व्ह माँ ब्लाँच्या हिमनद्यांतून येते, म्हणून तिचे पाणी झिजलेल्या खडकाच्या पिठाने करडे झालेले असते. संगमाच्या खाली बरेच अंतरापर्यंत एक निळा व एक करडा असे दोन पट्टे शेजारी शेजारी वाहताना दिसतात. काँश हे गाव या आर्व्ह नदीच्याच काठी आहे. माँ ब्लाँचा खडक असा दररोज पाण्याबरोबर सोस्यूरच्या घरावरून वाहत जात होता, असे म्हटले तरी चालेल.

त्याच्या वडिलांना शेतीशास्त्राची आवड होती. त्यांनी त्या विषयावर पुस्तके लिहिली. शार्ल बॉने हे प्रसिद्ध निसर्गसंशोधक त्याच्या मावशीचे यजमान होते. कीटकांचे आणि झाडांच्या पानांचे बारकाईने निरीक्षण कसे करावे, हे या मुलाने त्यांच्या सहवासात पाहिले. वसंत ऋतू आला की जिनीव्हाच्या आसपासचे डोंगर हळूहळू आपली पांढरी शाल उतरवतात. आधी सरोवराकाठची फळझाडे फुलतात, मग पायथ्याची कुरणे हिरवी होतात, आणि जसजसे बर्फ मागे हटते तसतशी फुलेही त्याच्या मागोमाग वर वर चढत जातात. अठराव्या वर्षापासून सोस्यूरला या डोंगरांचा छंद लागला. सालेव्ह, जुरा, मोल असे जवळपासचे सारे डोंगर त्याने पायी पालथे घातले. या डोंगरांच्या माथ्यावरून आग्नेयेकडे पाहिले की सर्व शिखरांच्या वर डोके काढून माँ ब्लाँ उभा दिसे. दिवसेंदिवस तो डोळ्यांसमोर असे, आणि त्याच्याविषयी कोणालाच काही ठाऊक नसे. हीच गोष्ट त्या तरुणाच्या मनाला टोचत राहिली.

इ. स. १७६० मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, तो पायीच शामोनीला निघाला. शामोनी हे माँ ब्लाँच्या अगदी पायथ्याचे गाव. जिनीव्हापासून ते सुमारे ८० किलोमीटर अंतरावर आहे. आज तेथे दीड तासात मोटारीने जाता येते. त्या काळी तो सारा मुलूख सॅव्हॉय प्रांतात मोडत असे आणि सार्डिनियाच्या राजाच्या सत्तेखाली होता. वाट आर्व्हच्या काठाकाठाने जाते. प्रथम बॉनव्हिल हे जुने गाव लागते. तेथपर्यंत खोरे रुंद आहे, शेते व बागा आहेत. क्लूझपाशी दोन्ही बाजूंचे चुनखडीचे कडे एकदम जवळ येतात आणि नदीला जेमतेम वाट देतात. त्या खिंडीतून पुढे गेले की कड्यांवरून कोसळणारे धबधबे दिसू लागतात. सालांश गावापासून माँ ब्लाँ प्रथमच पायथ्यापासून माथ्यापर्यंत डोळ्यांत भरतो. पुढचा रस्ता गाडीला योग्य नव्हता. खेचरावरून किंवा पायी जावे लागे. शेवटी एका अरुंद घळीतून वर चढून गेले म्हणजे शामोनीचे लांबट खोरे उघडते, आणि हिमनद्यांच्या पांढऱ्या जिभा थेट शेतांपर्यंत उतरलेल्या त्या काळी दिसत असत. आता त्या पुष्कळच मागे सरल्या आहेत.

सोस्यूर तेथे गेला होता तो बर्न येथील थोर शास्त्रज्ञ हालर याच्यासाठी डोंगरावरील वनस्पती गोळा करण्याच्या निमित्ताने. वनस्पती त्याने गोळा केल्याच. पण समोरच्या ब्रेव्हाँ डोंगरावर चढून त्याने माँ ब्लाँ जवळून पाहिला, आणि तेव्हापासून त्या पर्वताने त्याचे मन कायमचे व्यापले. त्या शिखरावर उभे राहिले तर आल्प्सची सगळी रचना एका दृष्टीत दिसेल. हवा उंचीवर विरळ का होते, थंडी का वाढते, खडकांचे थर कसे उभे राहिले, या सर्व प्रश्नांवर तेथे प्रकाश पडेल, असे त्याला वाटले. परत निघण्यापूर्वी त्याने खोऱ्यातील सर्व गावांत एक गोष्ट जाहीर केली. जो कोणी माँ ब्लाँच्या माथ्यावर जाण्याची वाट शोधून काढील, त्याला तो मोठे बक्षीस देणार होता. इतकेच नव्हे, तर प्रयत्न करून अपयशी झालेल्या माणसांची मजुरीही तो भरून देणार होता. या दुसऱ्या वचनावरून त्याचा स्वभाव चांगला कळतो.

बक्षीस जाहीर झाले, पण ते घेण्यासाठी कोणी पुढे आले नाही. काही माणसांनी थोडी धडपड केली, ती व्यर्थ गेली. वर्षे लोटू लागली.

या काळात सोस्यूर स्वस्थ बसला नव्हता. १७६२ मध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी, तो जिनीव्हाच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. १७६५ मध्ये आल्बेर्तिन बुआसिए हिच्याशी त्याचा विवाह झाला. जुन्या शहरात उंचावर त्यांचे मोठे घर होते आणि सरोवराच्या काठी जाँतो येथे उन्हाळ्यात राहण्याचे घर होते. १७७१ मध्ये त्याने आपल्या घरावर विजेपासून रक्षण करणारा लोखंडी दांडा उभारला. जिनीव्हात असा दांडा यापूर्वी कोणी पाहिला नव्हता. हा दांडा आकाशातील वीज आपल्या घरांवर ओढून आणील, या भीतीने शेजारी घाबरून गेले. सोस्यूर त्यांच्यावर चिडला नाही. त्याने एक छोटे पत्रक छापले आणि त्यात हा दांडा वीज कशी सुरक्षितपणे जमिनीत नेतो, ते साध्या भाषेत समजावून सांगितले. मुलांच्या शिक्षणाविषयीही त्याची मते त्या काळाच्या पुष्कळ पुढची होती. मुलांना केवळ लॅटिन घोकायला लावू नये, त्यांना आसपासच्या वस्तू पाहू द्याव्यात, हाताळू द्याव्यात, अशी एक योजना त्याने १७७४ मध्ये शहरासमोर मांडली. ती मान्य झाली नाही. वाचकांपैकी काहींना याचे वाईट वाटेल.

त्याचा एक प्रयोग फार गमतीचा आहे. काचेच्या खोलीत किंवा काचा लावलेल्या गाडीत ऊन आले की आत फार उकडते, हे सर्वांना माहीत होते. सोस्यूरने एकात एक बसतील अशा काचेच्या पेट्या केल्या, त्या काळ्या लाकडावर ठेवल्या आणि उन्हात मांडल्या. आतल्या पेटीतील उष्णता वाढत वाढत पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या जवळ गेली. पुढे त्याने पेटीच्या भोवती उष्णता बाहेर जाऊ न देणारे वेष्टन घातले, तेव्हा ती त्याही पलीकडे गेली. आजच्या सूर्यचुलीचा हा पूर्वजच होय. पण सोस्यूरला अन्न शिजवायचे नव्हते. डोंगरावर आपण सूर्याच्या थोडे जवळ असूनही तेथे थंडी का असते, हा त्याचा प्रश्न होता. त्याने ती पेटी उंच क्रामाँ डोंगरावर नेली. बाहेर चांगलाच गारठा असतानाही पेटीच्या आतील उष्णता खालच्या खोऱ्यात होती जवळजवळ तितकीच भरली. याचा अर्थ असा, की सूर्याचे किरण वरही तितकेच प्रखर असतात; वरची विरळ हवा मात्र त्यांची उष्णता धरून ठेवू शकत नाही.

अशाच रीतीने त्याने सरोवराचाही तळ शोधला. उष्णता चटकन बदलू नये म्हणून जाड आवरण घातलेले उष्णतामापक त्याने लांब दोरीने खोल पाण्यात सोडले. कित्येक तास ते खाली ठेवून मग ते भराभर वर ओढले जात. उन्हाळ्यात वरचे पाणी कितीही कोमट झाले तरी खोल तळाचे पाणी थंडच राहते, हे त्याने असे दाखवले. हवेतील ओलावा मोजण्यासाठी त्याने जे साधन योजले, ते तर कोणाच्याही डोक्यावर मिळते. माणसाचा केस दमट हवेत किंचित लांब होतो आणि कोरड्या हवेत आखडतो. स्निग्धता काढून टाकलेला असा एक केस ताणून त्याने त्याला काटा जोडला. १७८३ मध्ये त्याने या यंत्रावर ग्रंथ लिहिला. त्यानंतर कितीतरी काळ हवामानखात्यांत हे केसाचे यंत्र वापरले जात होते.

दरवर्षी उन्हाळा आला की तो आल्प्समध्ये जाई. १७७९ मध्ये त्याने आपल्या प्रवासांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापर्यंत त्याने चौदा वेळा आल्प्स ओलांडला होता. माँ ब्लाँला तर त्याने सर्व बाजूंनी प्रदक्षिणा घातल्या होत्या. या प्रवासांत त्याची एक ठरलेली पद्धत होती. निघण्यापूर्वी तो आपल्या प्रश्नांची यादी लिहून काढी. हातात हातोडा असे. जे दिसेल ते जागच्या जागी टिपून घेई, आणि आठवण ताजी असतानाच ते टिपण सविस्तर लिहून काढी. पुष्कळ विद्वान त्या काळी घरी बसून पृथ्वीच्या उत्पत्तीचे सिद्धान्त रचीत असत. सोस्यूर आधी खडक पाही. एकदा पाहून समाधान झाले नाही, तर पुढल्या वर्षी पुन्हा जाई.

तथापि घरच्या मंडळींची काळजी काही कमी होत नव्हती. आल्बेर्तिनला डोंगरांचे भय वाटे, आणि पती परत येईपर्यंत तिच्या जिवात जीव नसे. सोस्यूरला तिची व्यथा कळत होती. पण माँ ब्लाँ खिडकीतूनही दिसत होता, आणि त्याच्याकडे पाहिले की मनात एक प्रकारची बोच उठे, असे त्याने पुढे स्वतःच नमूद केले आहे.

१७८५ च्या सप्टेंबरात त्याने स्वतः चढाईचा प्रयत्न केला. पश्चिमेकडील धारेच्या पायथ्याशी दगडांची एक झोपडी बांधून तो तेथे राहिला. परंतु कड्यावर नवे बर्फ पडले होते, पाय ठरेना, आणि त्याला परत फिरावे लागले. तेव्हा तो पंचेचाळीस वर्षांचा होता. बक्षीस जाहीर करून पंचवीस वर्षे झाली होती.

दुसऱ्याच वर्षी कोडे सुटले. जाक बाल्मा नावाचा शामोनीचा एक तरुण डोंगरात स्फटिक शोधीत असे. जून १७८६ मध्ये त्याला उंचावरच्या बर्फात एकट्याला रात्र काढावी लागली. सकाळी तो जिवंत होता. शापित पर्वताची जुनी भीती त्या एका रात्रीत निकालात निघाली. शामोनीचे डॉक्टर मिशेल-गाब्रिएल पाकार हेही कित्येक वर्षे दुर्बिणीने त्या पर्वताचा अभ्यास करीत होते. ७ ऑगस्ट रोजी ही दोघेच माणसे निघाली. ८ ऑगस्ट १७८६ च्या संध्याकाळी सहानंतर ती माथ्यावर पोचली. पाकार यांनी तेथे वायुभारमापकाने हवेचा दाब मोजला. खालून लोक दुर्बिणीने पाहत होते. उतरताना बर्फाच्या चकाकीने पाकार यांची दृष्टी जवळजवळ गेली होती, आणि बाल्माने त्यांना खाली आणले.

ही बातमी घेऊन बाल्मा जिनीव्हाला आला. सोस्यूरने शब्द दिल्याप्रमाणे त्याला बक्षीस दिले. आपल्याआधी दुसरे कोणी वर गेले, याचे त्याला थोडे तरी दुःख झाले असेलच. पण वाट आहे हे आता ठरले होते. तो त्याच महिन्यात शामोनीला धावला. पाऊस आणि बर्फ यांनी त्याला परत पाठवले. आणखी एक हिवाळा वाट पाहावी लागली.

अखेर १ ऑगस्ट १७८७ रोजी सकाळी तो निघाला. त्याच्याबरोबर त्याचा एक नोकर आणि अठरा मार्गदर्शक होते. बाल्मा त्यांचा प्रमुख होता. इतकी माणसे कशाला, असा प्रश्न पडेल. तर त्यांच्या पाठीवर तंबू, पांघरुणे, कोळसा, शेगडी, शिड्या, दोर आणि मुख्य म्हणजे वायुभारमापक, उष्णतामापक, आर्द्रतामापक अशी नाजूक यंत्रे होती. डोळे भाजू नयेत म्हणून प्रत्येकाने काळा पातळ कपडा तोंडावरून घेतला होता. पहिली रात्र त्यांनी बर्फाच्या कडेला एका खडकाळ धारेवर काढली. दुसऱ्या दिवशी हिमनदी ओलांडायची होती. हिमनदीत खोल भेगा असतात, त्या वरच्या ताज्या बर्फाने झाकल्या जातात, आणि पाय टाकेपर्यंत त्या दिसत नाहीत. शिड्या आडव्या टाकून, काठीने चाचपत ती रांग पुढे सरकली.

दुसरी रात्र सुमारे ३९०० मीटर उंचीवर, भर बर्फात आली. तंबूसाठी खड्डा खणताना धट्टीकट्टी माणसे पाच-सहा फावडी मारून धापा टाकू लागली. थंडीवाऱ्याने कोणी दगावू नये म्हणून सर्व वीस जण एकाच तंबूत दाटीवाटीने झोपले. आत इतके कोंदट झाले की मध्यरात्री सोस्यूर श्वास घेण्यासाठी बाहेर आला. आकाश काळेभोर होते, चंद्र अतिशय तेजस्वी होता आणि सारे हिममय पठार लखलखत होते. थोड्या वेळाने गडगडाट झाला. वरच्या उतारावरून बर्फाचा एक लोट कोसळला होता. सकाळी त्यांना त्याच उतारावरून चढायचे होते.

३ ऑगस्टला ते चढले. शेवटचा भाग फारसा अवघड नव्हता, पण हवा विरळ झाली होती. सोस्यूरला पंधरासोळा पावले टाकली की थांबून दम घ्यावा लागे. पुन्हा पंधरा पावले, पुन्हा थांबणे. खाली शामोनीत आल्बेर्तिन आणि तिच्या दोन बहिणी दुर्बिणीला डोळा लावून बसल्या होत्या. तो माथ्यावर दिसला की त्यांनी निशाण उभारावयाचे, असे ठरले होते. अकराच्या सुमारास सोस्यूर शिखरावर पोचला. त्याने आपली दुर्बीण खाली वळवली. शामोनीत निशाण फडकत होते. ते पाहिल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला.

सत्तावीस वर्षे ज्या क्षणाची वाट पाहिली, तो क्षण आला तेव्हा त्याला काय वाटले असेल? त्याने ते प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. त्याला प्रथम आनंद झाला नाही. इतकी वर्षे झुंजावे लागल्याचा त्रास उफाळून आला आणि त्याने शिखराचे बर्फ जवळजवळ रागानेच पायांखाली तुडवले. समाधान वाटले ते नंतर, भोवती दृष्टी टाकल्यावर. खालून जी शिखरे एकामागे एक दडलेली दिसत, ती सगळी आता उघडी पडली होती. त्यांची परस्परांशी जुळणी कशी आहे, त्यांचे थर कोणत्या दिशेला कललेले आहेत, हे त्याने एका नजरेत पाहिले. अनेक वर्षांच्या श्रमांनी न सुटलेल्या शंका तेथे मिटल्या.

मग तो कामाला लागला. साडेचार तास तो त्या माथ्यावर होता. हवेचा दाब मोजून त्याने शिखराची उंची काढली. ती आजच्या मोजणीपेक्षा थोडी कमी भरते. त्याने पाणी उकळण्यास ठेवले. त्याला अर्धा तास लागला, आणि ते शंभर अंशांऐवजी सुमारे ८६ अंशांवरच उकळले. दाब कमी झाला की पाणी लवकर उकळते, हे तुम्ही विज्ञानात शिकाल. त्याची स्वतःची नाडी शामोनीत मिनिटाला ७२ पडत असे, ती वर चार तास विश्रांती घेऊनही १०० पडत होती. त्याने पिस्तूल उडवून पाहिले, तर आवाज फटाक्याएवढाच झाला. आकाश किती निळे आहे हेही त्याला मोजायचे होते. त्यासाठी फिक्या रंगापासून गडद रंगापर्यंत रंगवलेल्या कागदाच्या पट्ट्या त्याने बरोबर आणल्या होत्या. पुढे त्याने अशा ५३ छटांचे एक वर्तुळाकार साधनच तयार केले. शिखराजवळच्या त्या निर्जीव बर्फावर त्याला दोन फुलपाखरेही दिसली. वाऱ्याने भरकटत आली असावीत.

हे सारे करताना त्याला वारंवार मळमळत होते, वाकले की धाप लागत होती, आणि समुद्रसपाटीवर तीन तासांत उरकणारे काम तेथे साडेचार तासांतही पुरे झाले नाही. अर्धे प्रयोग राहिले, म्हणून तो खिन्न मनाने उतरला. ४ ऑगस्टला सर्व माणसे सुखरूप शामोनीला आली.

राहिलेल्या प्रयोगांनी त्याला स्वस्थ बसू दिले नाही. म्हणून पुढल्या वर्षी, जुलै १७८८ मध्ये, तो आपला मुलगा निकोला-तेओदोर याला घेऊन सुमारे ३३५० मीटर उंचीवरील जेआँ खिंडीत गेला आणि तेथे दोन आठवड्यांहून अधिक राहिला. दगडांची खोपटी आणि तंबू, एवढाच निवारा होता. पहिल्याच दिवसांत भयंकर वादळ झाले. तरीही बापलेकांनी ठरावीक तासांनी हवेची निरीक्षणे घेतली आणि वहीत नोंदली. बरोबरची माणसे मात्र कंटाळली. शिदोरी अपेक्षेपेक्षा लवकर संपली, आणि खाली उतरता यावे म्हणून यांनीच ती मुद्दाम संपवली असावी, असा सोस्यूरला संशय आला.

त्याच्या आयुष्याची अखेरची वर्षे कष्टात गेली. फ्रान्समध्ये १७८९ साली राज्यक्रांती झाली. त्याचा बराचसा पैसा फ्रेंच सरकारच्या रोख्यांत गुंतलेला होता, तो बुडाला. जिनीव्हातही उलथापालथ झाली. १७९४ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. ज्याने पायांनी आल्प्स मोजला, त्याला चालणे कठीण झाले. तशा स्थितीत त्याने आपल्या प्रवासग्रंथाचे शेवटचे दोन खंड पुरे केले. ते १७९६ मध्ये प्रसिद्ध झाले. पर्वत कसे निर्माण झाले, याचा अखेरचा सिद्धान्त तो त्यात सांगेल, अशी पुष्कळांची अपेक्षा होती. त्याने सिद्धान्त सांगितला नाही. अजून पुरेसे पाहिलेले नाही, असे त्याचे मत होते. त्याऐवजी ग्रंथाच्या शेवटी त्याने प्रश्नांची एक लांबलचक यादी दिली. पुढे येणाऱ्या शोधकांनी काय पाहावे, कोठे पाहावे, काय मोजावे, ते त्याने तीत सांगितले. त्याचे स्वतःचे काही तर्क चुकले होतेच. सालेव्ह आणि जुरा या चुनखडीच्या डोंगरांवर ग्रॅनाइटचे मोठमोठे धोंडे पडलेले आहेत. ते माँ ब्लाँच्या बाजूकडून आले हे त्याने ओळखले, पण ते प्रचंड पुराने वाहून आणले असावेत, असे त्याला वाटले. ते धोंडे प्राचीन काळच्या अफाट हिमनद्यांनी आणले, हे नंतरच्या संशोधकांनी दाखवून दिले.

२२ जानेवारी १७९९ रोजी जिनीव्हात त्याचा मृत्यू झाला. तेव्हा तो अठ्ठावन्न वर्षांचा होता.

शामोनीत १८८७ साली त्याचा पुतळा उभारण्यात आला. शेजारी बाल्मा उभा आहे आणि तो हाताने शिखर दाखवीत आहे. डॉक्टर पाकार त्या शिल्पात नाहीत. त्यांच्याविषयी दीर्घकाळ अपसमज पसरवले गेले होते. विसाव्या शतकात जुन्या टिपणांचा शोध लागल्यावर त्यांच्या पराक्रमाची खरी हकीकत उजेडात आली, आणि १९८६ साली, म्हणजे पहिल्या चढाईला दोनशे वर्षे झाल्यावर, त्यांचाही पुतळा शामोनीत उभा राहिला.

सोस्यूरचे घराणे पुढेही विद्येत नाव मिळवीत राहिले. मुलगी आल्बेर्तिन हिने शिक्षणावर ग्रंथ लिहिला. मुलगा निकोला-तेओदोर वनस्पती हवेतून व पाण्यातून आपले अन्न कसे घेतात, याचा मोठा शोधक झाला. पणतू फेर्दिनाँ हा भाषाशास्त्रज्ञ होता. त्याने आपला प्रबंध संस्कृत व्याकरणातील एका प्रयोगावर लिहिला आणि जिनीव्हात संस्कृत शिकवले.

सोस्यूर पितापुत्रांच्या सन्मानार्थ वनस्पतींच्या एका गटाला सोस्यूरिया असे नाव देण्यात आले आहे. या गटातील एक फूल आपल्या हिमालयात उंचावर उमलते. ते म्हणजे ब्रह्मकमळ. आपल्याकडे घरोघरी कुंडीत लावतात आणि पावसाळ्यातील एखाद्या रात्री उमलते, ते हे नव्हे. ते एक निवडुंग आहे. खरे ब्रह्मकमळ गढवालच्या बर्फाळ उतारांवर आढळते. त्याची खरी फुले लहान व जांभळट असतात. फिकट, अर्धपारदर्शक पानांचे वेष्टन त्यांना भोवतालून झाकून घेते. ऊन त्यातून आत जाते, वारा बाहेर राहतो, आणि सभोवती कडाक्याची थंडी असताना आतील फुले उबदार राहतात.